जन्मगावांचा नकाशा : शाहजहान, मुमताज आणि जालन्याकडे चढणारी दक्षिणेची वाट

१.
जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात रोशनगाव नावाचे एक गाव आहे. फेब्रुवारी १६१६ मध्ये या गावाजवळ निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि मोगल सरदार शाहनवाज खान यांच्यात मोठी लढाई झाली. अंबर हरला. विजयी फौज पुढे त्याच्या खडकी या राजधानीवर गेली, तिने शहर उद्ध्वस्त केले आणि ती रोहिणखेडच्या घाटाने माघारी उतरली. ज्या वाटेने ती फौज आली आणि गेली, त्या वाटेचा हा धागा आहे. त्याचबरोबर, त्या वाटेच्या टोकाशी पुढची पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा येऊन राहिलेल्या एका जोडप्याचाही आहे.

२.
आधी वाट समजून घेऊ. उत्तरेकडून दक्षिणेत येणाऱ्या मोगलांचा मोठा तळ म्हणजे तापीकाठचे बुऱ्हाणपूर. तेथून पूर्णेचे खोरे ओलांडायचे, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचा घाट चढायचा, की पठार लागते. फारसी ग्रंथांत घाटाखालच्या मुलखाला ‘पाईनघाट’ आणि घाटावरच्या मुलखाला ‘बालाघाट’ म्हणतात. जालना, तेव्हाचे जालनापूर, या बालाघाटात मोडते. त्याच्या पश्चिमेस खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आणि दौलताबाद. बुऱ्हाणपूर ज्याच्या हाती, त्याची नजर या पठाराकडे असे.

३.
या वाटेवर फौजा निघत त्या बहुधा हिवाळ्यात. कारण साधे आहे. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते. तोफेचे चाक रुतले की बैलांच्या जोड्या वाढवूनही निघत नाही. दसऱ्यानंतर नद्या उतरतात, गवत उभे असते, खरिपाचे धान्य हाती येते आणि बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून लष्कराच्या मागे चालू शकतात. मराठ्यांचे सीमोल्लंघन दसऱ्याचे असण्यामागे जो हिशेब आहे, तोच मोगलांच्या कूच करण्यामागेही होता.

४.
आता जोडपे. बादशहा जहांगीरचा तिसरा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान. त्याची बेगम अर्जुमंद बानू, आसफखानाची मुलगी आणि नूरजहानची सख्खी भाची. विवाह मे १६१२ मध्ये झाला. ‘मुमताज महल’ म्हणून ती जगाला माहीत आहे. सोयीसाठी येथे तिला सुरुवातीपासून मुमताजच म्हणू. १९ वर्षांच्या संसारात तिला १४ मुले झाली. त्यांपैकी ७ जगली. जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात, ती बुऱ्हाणपुरास वारली.

५.
मुमताजने स्वतःविषयी काही लिहून ठेवलेले नाही. तिची सासू, नणंद, आत्या यांच्याप्रमाणेच तीही पडद्याआड होती. दरबारी इतिहासकार लढाया, मनसबी, नजराणे यांचे तपशील देतात. बेगम त्या दिवशी कोठे होती हे सहसा सांगत नाहीत. पण एक गोष्ट ते निगुतीने नोंदवतात : शाही घराण्यातील जन्म, तारीख आणि पुष्कळदा ठिकाणासह. त्या नोंदी एका ओळीत मांडल्या आणि शाहजहानच्या मोहिमांशेजारी ठेवल्या, की जिने रोजनिशी लिहिली नाही तिचा प्रवास दिसू लागतो.

६.
१६१४, १६१५, १६१६ : जहानआरा, दारा शुकोह, शाह शुजा. तिघांचेही जन्मगाव अजमेर. का? कारण त्या वर्षांत जहांगीरचा दरबार अजमेरला होता आणि खुर्रम मेवाडच्या मोहिमेत गुंतला होता. इथवर नकाशावर एकच ठिपका आहे. मग रोशनगावची लढाई होते, अंबर हरूनही संपत नाही, आणि नोव्हेंबर १६१६ मध्ये खुर्रमला दक्षिणेची मोहीम मिळते. अजमेरहून तो हिवाळाभर चालत मार्च १६१७ मध्ये बुऱ्हाणपुरास पोहोचला.

७.
पुढची नोंद पाहा. सप्टेंबर १६१७, मुलगी रोशनआरा, जन्मगाव बुऱ्हाणपूर. नऊ महिने मागे मोजले की डिसेंबर १६१६ येतो. म्हणजे शुजाच्या जन्माला सहा महिने होत असतानाच पुढचा गर्भ राहिला आणि अजमेर ते तापी या रस्त्याचा बराचसा भाग मुमताजने गरोदरपणात कापला. दक्षिणेचा हा तिचा पहिला हिवाळा. पुढचे हिवाळे तपासताना हीच बेरीज-वजाबाकी पुन्हा करून पाहायची आहे.

८.
प्रवास कसा होई? बादशाही तळाचे तंबू दोन जोड असत. एक जोड एक मजल पुढे जाऊन उभी राही, म्हणजे मुक्कामाला पोहोचताच छप्पर तयार. बेगमा झाकलेल्या पालख्यांतून किंवा हत्तीवरच्या बंद अंबारीतून जात. सोबत दाया, हकीम, खोजे, स्वयंपाकघर. सुखाचा प्रवास म्हणावा असा हा थाट. तरीही पालखीचे हिसके, पहाटेची थंडी आणि रोजची मजल यांतून गर्भवतीची सुटका नव्हती.

९.
बुऱ्हाणपूर म्हणजे ओसाड छावणी नव्हे. फारुकी सुलतानांनी वसवलेल्या या शहराला खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिलेले आहे. तेथे अब्दुर्रहीम खानखाना राहत असे. शाहनवाज खान हा त्याचाच मुलगा. जमिनीखालून शहराला पाणी पुरवणारी कुंडी भंडाऱ्याची योजना याच सुमारास उभी राहिली. रोशनगावच्या विजेत्याची मुलगी १६१७ मध्ये खुर्रमला देण्यात आली. तो विवाह राजकारणाचा होता, आणि मुमताज एकटीच बेगम नव्हती हेही त्यातून लक्षात राहावे.

१०.
मोहीम फत्ते झाली. विजापूरने मध्यस्थी केली, अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाट मोगलांना परत मिळाले. ऑक्टोबर १६१७ मध्ये मांडूला बापाने मुलाला ‘शाहजहान’ हा किताब दिला आणि सिंहासनाजवळ बसायला खुर्ची दिली. ‘जगाचा राजा’ ही पदवी त्याने दक्षिणेच्या वाटेवर कमावली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १६१८ मध्ये, गुजरातहून परतताना दोहदला आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव औरंगजेब. डिसेंबर १६१९ मध्ये पंजाबच्या वाटेवर सरहिंदला उमीदबख्श.

११.
इकडे मलिक अंबरने तह मोडला. मोगलांची ठाणी घाटाखाली रेटत त्याने थेट बुऱ्हाणपूरला वेढा घातला. डिसेंबर १६२० मध्ये शाहजहान लाहोरहून निघाला, आणि १६२१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तापीवर आला. तो स्वतः बुऱ्हाणपुरास राहिला. फौज घाट चढून खडकीवर गेली. फौज पोहोचण्याच्या जेमतेम आदल्या दिवशी अंबरने निजामशहाला दौलताबादच्या किल्ल्यात हलवले होते. खडकी पाच वर्षांत दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. तहात तिन्ही दक्षिणी शाह्यांवर मिळून ५० लाख रुपयांची खंडणी बसली.

१२.
जन्मनोंद : जून १६२१, मुलगी सुरैया बानू. मागे मोजा. लाहोर ते बुऱ्हाणपूर हा पंजाबपासून तापीपर्यंतचा प्रवास मुमताजने गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून पुढे केला. सरहिंदला जन्मलेला उमीदबख्श १६२२ मध्ये, जेमतेम सव्वादोन वर्षांचा असताना, बुऱ्हाणपुरास दगावला. मोहिमेच्या इतिहासात ५० लाखांचा आकडा येतो. त्या पोराचे नाव फार थोड्या पुस्तकांत सापडते.

१३.
त्याच सुमारास बुऱ्हाणपुरात आणखी एक मृत्यू झाला. शाहजहानचा थोरला भाऊ खुसरो त्याच्या कैदेत होता. १६२२ च्या आरंभी तो पोटशुळाने वारला असे कळवण्यात आले. समकालीनांपैकी अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. गादीच्या वाटेवरचा एक वारस कमी झाला होता. प्रेमकथेच्या नायकाकडे पाहताना ही खोली विसरता येत नाही. या जोडप्याची कथा मोगल वारसायुद्धाच्या आतच घडते, बाहेर नाही.

१४.
मग चक्र उलटले. १६२२ मध्ये इराणने कंदाहार घेतले. जहांगीरने शाहजहानला तिकडे जाण्याचा हुकूम दिला. दक्षिण सोडली तर दरबारात नूरजहान आपली जागा दुसऱ्याला देईल या भीतीने त्याने अटी घातल्या, आणि प्रकरण बंडावर गेले. मार्च १६२३ मध्ये दिल्लीच्या दक्षिणेस बिलोचपूर येथे त्याच्या फौजेचा पराभव झाला. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात यापुढे त्याला ‘बेदौलत’, म्हणजे करंटा, म्हणायचे ठरवले.

१५.
आता जो प्रवास सुरू झाला तो थाटाचा नव्हता. मागे शाहजादा परवेज आणि महाबतखान. पुढे मांडू, नर्मदा, असिरगड. जादा परिवार आणि जडजवाहीर असिरगडावर ठेवून तो बुऱ्हाणपुरास आला. त्याने मलिक अंबरकडे मदत मागितली. ती मिळाली नाही. विजापूरनेही नकार दिला. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून खंडणी घेतली, त्यांच्या दारात उभे राहायची वेळ आली होती.

१६.
भर पावसाळ्यात तापी ओलांडली गेली. दसऱ्याची वाट पाहण्याची चैन पळणाऱ्याला नसते. चिखलात ओझी टाकावी लागली, माणसे गळत गेली. माहूरच्या किल्ल्यावर हत्ती आणि जड सामान ठेवले आणि शाहजहान, मुमताज आणि मुले कुतुबशाही मुलखात शिरली. गोवळकोंड्याच्या मुहंमद कुतुबशहाने रोख रक्कम, धान्य आणि वाट दिली. मुक्काम मात्र लांबू नये अशी त्याची इच्छा होती. १६२३ च्या पावसाळ्यानंतर ते मच्छलीपट्टणला, समुद्राकाठी, पोहोचले.

१७.
मच्छलीपट्टण हे त्या काळचे भरभराटीचे बंदर. इंग्रज आणि डच या दोघांच्याही वखारी तेथे होत्या, आणि आतल्या मुलखातले छापील कापड तेथून जहाजांवर चढे. अजमेर, बुऱ्हाणपूर, मांडू, माहूर, मच्छलीपट्टण : सात वर्षांत मुमताजने पाहिलेली ही गावे. तेथून हिवाळ्यात किनाऱ्याने ओरिसा, मग बंगाल. एप्रिल १६२४ मध्ये राजमहालजवळ बंगालचा सुभेदार इब्राहिमखान फतेहजंग शाहजहानच्या फौजेशी लढताना मारला गेला. हा इब्राहिमखान नूरजहानचा भाऊ, म्हणजे मुमताजचा सख्खा काका.

१८.
मुमताजला त्या दिवशी काय वाटले, याची कोठेही नोंद नाही. तिचा नवरा, तिची आत्या, तिचा काका आणि बादशहाच्या पदरी असलेला तिचा बाप हे सारे एकाच युद्धात होते, आणि एका बाजूला नव्हते. ऑक्टोबर १६२४ मध्ये, बिहारमधील रोहतासच्या किल्ल्यात, मुराद जन्मला. म्हणजे ओरिसा-बंगालच्या दौडीत ती पुन्हा गरोदर होती. त्याच महिन्यात अलाहाबादेजवळ तोन्स नदीवर शाहजहान पुन्हा हरला, आणि सारी पलटण आल्या वाटेने दक्षिणेकडे वळली.

१९.
दक्षिणेत मात्र चित्र पालटले होते. मलिक अंबर आता मोगलांशी उघड झुंजत होता. अहमदनगरजवळच्या भातवडीला त्याने १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांचा धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले निजामशाहीकडून लढले. खडकी जाळवणारा शाहजादा आणि खडकी वसवणारा वजीर १६२५ मध्ये एकत्र आले. दोघांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला. आतून बुंदीचा राव रतन हाडा लढला. शहर पडले नाही.

२०.
परवेज आणि महाबतखान जवळ येताच शाहजहान मागे हटला आणि रोहिणखेडला आला. तोच घाट. दहा वर्षांपूर्वी रोशनगाव जिंकून मोगल फौज येथूनच उतरली होती. येथे तो आजारी पडला, जुने साथीदार सोडून गेले, आणि त्याने बापाकडे माफी मागितली. मोगल इतिहासातील एक बंड या लहानशा घाटगावाशी येऊन विझले.

२१.
माफीच्या अटी : असिरगड आणि रोहतास हे किल्ले सोडायचे, आणि दारा व औरंगजेब यांना ओलीस म्हणून दरबारात पाठवायचे. १६२६ मध्ये दारा ११ वर्षांचा होता, औरंगजेब ७ वर्षांचा. ताबा अर्थात नूरजहानच्या हाती जाणार होता. पुढची जन्मनोंद आहे नोव्हेंबर १६२६ ची, मुलगा लुत्फुल्ला. पुन्हा मागे मोजा. दोन मुले हातची जात असताना आईच्या पोटात तिसरे होते.

२२.
ही मुले तिला पुन्हा भेटली १६२८ मध्ये, आग्ऱ्याला. मधली दोन वर्षे आईबाप दक्षिणेत नाशिक, जुन्नर असे हिंडत राहिले. मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. शाहजहान मधल्या काळात सिंधमधील ठठ्ठ्यापर्यंत जाऊन अपयशी परतला आणि जुन्नरला स्थिरावला. नाणेघाटाच्या माथ्यावरचे, सातवाहनांपासूनचे हे व्यापारी शहर, समोर शिवनेरी. तेथेच नोव्हेंबर १६२७ मध्ये आसफखानाचा जासूद बनारसी काश्मीरच्या वाटेवरून दौडत आला : जहांगीर वारला होता.

२३.
डिसेंबर १६२७ च्या सुरुवातीस जुन्नरहून कूच झाले. गुजरात, अजमेर, आग्रा. पुन्हा हिवाळा, पुन्हा रस्ता. फेब्रुवारी १६२८ मध्ये राज्याभिषेक झाला आणि मे १६२८ मध्ये मुलगा दौलत अफजा जन्मला. हिशेब करा : जुन्नर ते आग्रा ही दौड मुमताजने चौथ्या ते सातव्या महिन्यात केली. आता ती पादशाह बेगम होती. बुऱ्हाणपूर सुटले असे कोणालाही वाटले असते.

२४.
सुटले नाही. ऑक्टोबर १६२९ मध्ये खानजहान लोदी आग्ऱ्याहून पळून निजामशाहीच्या आश्रयाला गेला. डिसेंबरात शाहजहान स्वतः दक्षिणेकडे निघाला आणि मार्च १६३० च्या सुमारास बुऱ्हाणपुरास पोहोचला. मुमताज बरोबर होती. एप्रिल १६३० मध्ये आणखी एक मुलगी झाली. म्हणजे हा संपूर्ण हिवाळी प्रवास तिने गरोदरपणाच्या उत्तरार्धात केला.

२५.
याच हिवाळ्यात या वाटेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गर्भवती स्त्री होती. जुलै १६२९ मध्ये सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांची मुलांसह दौलताबादच्या दरबारात हत्या झाली. फारसी इतिहासकार सिंदखेडची ओळख ‘जालनापूरजवळचे’ अशी करून देतात. आजही ते जालन्याहून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. लखुजींचा राहिलेला परिवार त्या गावी धावला आणि पुढे मोगलांकडे गेला. लखुजींची मुलगी जिजाबाई शिवनेरीवर होत्या, ज्या जुन्नरहून मुमताज दोन वर्षांपूर्वी निघाली होती त्याच जुन्नरच्या माथ्यावर.

२६.
१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्या दिवशी मोगल बादशहाची छावणी बुऱ्हाणपूरच्या अखेरच्या मजलांवर होती. एकीकडे माहेर पोरके झालेली आई, दुसरीकडे मजलामागून मजल करणारी बेगम. दोघींची भेट कधी झाली नाही. पण दोघींनाही त्या हिवाळ्यात दौलताबादच्या राजकारणाने हलवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस शहाजीराजे काही काळ मोगलांच्या मनसबदारीत आले, आणि १६३२ मध्ये बाहेर पडले.

२७.
१६३० मध्ये पाऊस पडला नाही. गुजरात आणि दक्खनमध्ये जो दुष्काळ पडला, त्याचे वर्णन करताना बादशाही इतिहासकारांचीही लेखणी थरथरते. संत तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले तो दुष्काळही याच काळातला. शाहजहानने बुऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडली, दर सोमवारी ५,००० रुपये वाटण्याचा हुकूम दिला, काही महसूल माफ केला. पण त्याच वेळी त्याच्या फौजा बालाघाटात लोदीचा पाठलाग करत होत्या. फौजेला दाणावैरण लागते, आणि ती गावांतूनच येते. रोशनगाव, जालना, सिंदखेड ही गावे त्या वाटेवर होती. त्यांच्या बाळंतिणींची जन्मनोंद कोणी ठेवली नाही.

२८.
१७ जून १६३१. बुऱ्हाणपूर. मुलगी गौहरआरा जन्मली आणि जगली. मुमताज जगली नाही. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले. लोदीचे बंड त्या वर्षीच्या आरंभीच मोडले होते. ज्या कामासाठी आले ते काम झाले होते. शाहजहान आणखी काही महिने तेथेच राहिला.

२९.
डिसेंबर १६३१ मध्ये, नेहमीप्रमाणे पावसाळा सरल्यावर, मुमताजचा शेवटचा हिवाळी प्रवास झाला. शवपेटी आग्ऱ्याला नेण्यात आली. सोबत १५ वर्षांचा शाह शुजा, हकीम वजीरखान आणि बेगमेची विश्वासू सखी सतीउन्निसा. यमुनेकाठी पुन्हा दफन झाले आणि १६३२ पासून त्यावर ताजमहाल उठू लागला. संगमरवर मकराण्याचा, कारागीर देशोदेशींचे. त्याच्यामागची कहाणी मात्र बरीचशी नर्मदेच्या दक्षिणेकडची.

३०.
आता सगळे ठिपके जोडा : अजमेर, बुऱ्हाणपूर, दोहद, सरहिंद, रोहतास, पुन्हा बुऱ्हाणपूर. १६१६–१७, १६२०–२१, १६२३–२४, १६२७–२८, १६२९–३०. दक्षिणेकडे येणाऱ्या किंवा दक्षिणेतून निघणाऱ्या या पाचही हिवाळी दौडींत मुमताज गरोदर होती. ‘ती त्याच्यावर इतके प्रेम करी की युद्धातही सोबत जाई’ हे वाक्य पुस्तकांत वारंवार येते. ते खोटे असेलच असे नाही. पण तिला मागे राहण्याची मोकळीक होती का, हा प्रश्न ते वाक्य विचारत नाही. जन्मनोंदी तो विचारायला लावतात.

३१.
ओलीस म्हणून गेलेला सात वर्षांचा औरंगजेब पुढे दक्षिणेचा सुभेदार झाला. बापाच्या फौजेने जाळलेल्या खडकीला त्याच्या नावाने औरंगाबाद म्हणू लागले. १६५७ मध्ये त्याच शहरात त्याची बेगम दिलरसबानू बाळंतपणानंतर महिनाभराच्या आत वारली. तिच्या कबरीवर उभी राहिलेली इमारत म्हणजे बीबी का मकबरा. सासूच्या मृत्यूला २६ वर्षे झाली होती. मृत्यूचे कारण तेच होते.

३२.
जालन्याहून बीबी का मकबरा दीड तासावर आहे. वाटेत बदनापूर लागते आणि तेथून रोशनगावाकडे फाटा जातो. मकबऱ्याला ‘ताजची नक्कल’ म्हणून हसणाऱ्यांनी दोन्ही इमारती कशासाठी उभ्या राहिल्या, हे एकदा आठवून पाहावे. आणि कोणत्याही राजघराण्याचा इतिहास वाचताना मुलांच्या जन्मतारखा व जन्मगावे वहीत एका बाजूला लिहून काढावीत. ज्यांच्याविषयी ग्रंथ गप्प आहेत, त्यांचा ठावठिकाणा पुष्कळदा तेथे मिळतो.

(धागा समाप्त)